नक्षीची प्लेट

त्या टेबलाचं नाव काढलं की आजही माझं डोकं तापतं. वेल्डिंगचं टेबल सपाट लागतं, यात न कळण्यासारखं काय आहे?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वालचंदनगरात एका कंत्राटदाराच्या हाताखाली चार वर्षं वेल्डिंग करून मी सणसरजवळ आमच्या गावी परतलो होतो. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड ठोकलं आणि पहिलंच काम मिळालं ते सांगवीतल्या एका बंगल्याच्या गेटाचं. शुक्रवारी वास्तुशांत होती. मालक म्हणाला, "येवढं टायमात आन् नीट झालं, तर आमच्या भावकीतली सगळी कामं तुमाला." त्या एका वाक्यावर माझं शेड उभं राहणार होतं.

टेबल घरीच करायचं ठरवलं. बारामतीत एका भंगारवाल्याकडे निम्मा दिवस लोखंड उलथंपालथं केलं. पातळ पत्रा नको, तापला की तो पापडासारखा वाकडा होतो. जस्त चढवलेला तर नकोच, त्याच्या धुरानं अंगात ताप भरतो. शेवटी अर्धा इंच जाडीची एक साधी प्लेट सापडली. कडेला डोळा लावून पाहिलं, सरळ होती. तिच्यावर खडूनं फुली मारली आणि थोरल्या भावाला सांगितलं, "दादा, सोमवारी तू ट्रॅक्टर घेऊन बारामतीला जाणारच हायस, येताना तेवढी प्लेट घिऊन ये."

सोमवारी संध्याकाळी दादा आला तो छाती पुढं काढून. ट्रॉलीत प्लेट नव्हती, टेबल होतं. चार पायांसकट तयार. आणि वरची प्लेट नक्षीची! एसटीच्या पायरीवर पाय घसरू नये म्हणून उंचवटे असतात ना, तसली.

"तुझी प्लेट लईच बोडकी हुती," तो म्हणाला. "त्याच दुकानात ही दिसली. म्हटलं, पयलंच टेबल हाय, जरा शोभा पायजे. पायबी तितंच जोडून घेतलं. तुझं तेवढंच काम वाचलं."

शेजारचे दोन म्हातारे नक्षीवरून हात फिरवत कौतुक करत होते. माझं टाळकंच सरकलं. उंचवट्यांवर ठेवलेला गेटाचा लोखंडी अँगल डुगडुगतो, आणि डुगडुगते अँगल जोडले की गेटला पीळ पडतो. मग एक कोपरा जमिनीला घासतो, दुसरा अधांतरी. हे मला नीट समजावून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्यांच्या देखत ओरडलो, "शोभेला ही काय नवरी हाय? नांगर धरणाऱ्याला लोखंडातलं काय कळतंय! आता एक शबूद बोलू नकोस."

तो काहीतरी सांगायला पुढं झाला. मी हात वर केला. तो ट्रॅक्टरकडे वळला.

पाय जोडलेलं टेबल भंगारवाला परत घेणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ग्राइंडर घेऊन ती नक्षी घासायला बसलो. मंगळवार गेला, बुधवार गेला. लाइट असली की घासायचं, गेली की शिव्या घालायच्या. चाकांमागून चाकं झिजली, नाकातोंडात काळी पूड गेली, तरी उंचवटे निम्मेच गेले. दादा शेतातून येऊन शेडच्या तोंडाशी उभा राहायचा. एकदा प्लेटकडे बोट करून "आरं, जरा..." म्हणाला. मी ग्राइंडर मुद्दाम आणखी दाबला.

गुरुवारी दुपारी वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवून ती टेबलाखालची पूड झाडायला वाकली आणि वाकूनच तिनं विचारलं, "भावजी, ही पालथी का न्हाय घातली? खालनं तर सपाटच हाय की."

मी खाली वाकलो, हात फिरवला. असल्या प्लेटला नक्षी एकाच बाजूला असते. चार वर्षं लोखंडात काढलेल्या मला हे माहीत नव्हतं थोडंच? पाय कापायचे, प्लेट उलटवायची, पाय पुन्हा जोडायचे. दोन तासांचं काम!

दादा दारातच उभा होता.

"तुला म्हाईत हुतं?" मी विचारलं, तेही ओरडूनच.

"सोमवारीच सुचलं हुतं," तो म्हणाला. "पर तू बोलू दिलंस व्हय?"

शुक्रवारी सांगवीत वास्तुशांत गेटाविनाच झाली. मालकानं दोन बांबूंना आंब्याचे डहाळे बांधले होते, पाहुणे त्यातून आत गेले. पुढं गेट बारामतीहून आलं आणि भावकीची कामंही तिकडेच गेली.

टेबल अजून शेडमध्ये आहे, सपाट बाजू वर करून. त्या गुरुवारी पाय कापताना प्लेट दादानंच धरली होती. तेव्हाही मी त्याच्यावर खेकसलो, "नीट धर!" आणि त्यानं ती नीट धरली.