मार्ताची काठी

मिरेक आमची बेल कधी वाजवायचा नाही. काठीनं कुंपणाची फळी ठोकायचा आणि ओरडायचा, "काका, बूट घाल!" वयानं माझ्याहून मोठा, तरी मला काका म्हणायचा. गल्लीतली पोरं म्हणतात म्हणून.

मी कराडचा गवंडी. शाळा चौथीपर्यंत. कमल गेली आणि मुलानं मला अमेरिकेत, बॉथेलला, आणून ठेवलं. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, काका, मन रमवा. कशात रमवू? मिरेक असलं बोलला नाही. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "बायको?" मी म्हणालो, "गेली." तो म्हणाला, "माझीपण. चल, चालू या." दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे बोलणं मुद्द्याचंच व्हायचं.

तो चेक देशातला, क्रकोनोशे नावाच्या डोंगरांतला. तरुणपणी बायकोला, मार्ताला, घेऊन इकडे आला. काठी तिची. त्या डोंगरांत रीत अशी की जी जागा बघितली तिथला पत्र्याचा छोटा बिल्ला घ्यायचा आणि बारीक खिळ्यांनी काठीवर ठोकायचा. पण चालत गेलात तरच. गाडीनं गेलात तर बिल्ला खिशातच ठेवायचा. मिरेक म्हणायचा, "पाय गेले तर माणूस गेला. गाडी गेली तर गाडी गेली."

बाकावर बसून तो एकेका बिल्ल्यावर बोट ठेवी. हा एका धबधब्याचा. पूर्वी तिथं वर पाणी अडवून ठेवायचे आणि पाहुणे जमले की फळी काढायचे. "धबधब्यालासुद्धा ड्यूटी होती," म्हणून हसायचा. हा लाबे नदीच्या उगमाचा. रानात दगडांचं गोल कडं, त्यात पाणी.

मी विचारलं, "देऊळ नाही?"

"नाही. पण जवळ आंबट सूप मिळतं."

"उगमाला जाऊन सूप पिता?"

"तू देवळात जाऊन जेवत नाहीस?"



सगळ्यात उंच शिखर स्न्येझ्का. वर एक चॅपल आहे आणि चक्क पोस्ट आहे. तिथला बिल्ला मात्र काठीवर नव्हता. मार्ता दरवर्षी निघायची आणि दरवर्षी हवा बिघडून परत फिरायची. मग देशच सुटला, मग पोरगी झाली, मग मार्ताचं दुखणं. "तिचं एवढं राहिलं. मी चढून ठोकणार," मिरेक म्हणायचा. गुडघे बघितले की मला हसू यायचं, पण तोंडावर नाही हसलो.

मागच्या उन्हाळ्यात हाना, त्याची मुलगी, त्याला स्न्येझ्काला घेऊन गेली. परत आला तो अर्धा होऊन. कुंपण ठोकलं नाही, तेव्हा मीच गेलो. त्यानं टेबलाच्या खणातून बिल्ला काढून दाखवला.

"अर्ध्यात गुडघे बसले, काका. पुढे दोरीवरच्या पाळण्यातून वर गेलो. सगळं दिसलं. छान होतं." मग म्हणाला, "हा ठोकायचा नाही. कुणालाच ठोकू देऊ नको."

थंडीत तो गेला.

आठवड्यानं हाना आमच्या दारात. एका हातात काठी, दुसऱ्यात बिल्ला.

"काका, तुम्ही कारागीर. तुमच्या हातानं ठोका. काठी आईबाबांच्या थडग्यावर ठेवायची आहे."

मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "नाही ठोकणार. तो नको म्हणाला होता."

"निम्मं तर चालले ना ते! रडत होते पाळण्यात. तुम्हाला काय माहीत!" ती ओरडली. "आता कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. तुलापण."

ती पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मी शेजारी बसलो. पाठीवरून हात फिरवावा का, ते कळेना. कमल असती तर तिला कळलं असतं.

तिनं नाक पुसलं. "मग हे असंच राहू द्यायचं?"

"तुझे गुडघे धड आहेत की."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं की कशानं, सांगता येणार नाही.

"दिवस मोडतो चढायला," ती म्हणाली.

"मग पहाटे नीघ."

काठी तिनं थडग्यावर ठेवली नाही. घरी घेऊन गेली.