वुई विल सी म्हणजे नाही

डेपोत बसगाड्या धुणाऱ्या बाईला सगळे भोंगा म्हणायचे. तिने या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा ड्रायव्हर ब्रेक दाबायचा, असा आवाज. तिला बस चालवायची होती. सुट्ट्यांच्या दिवशी शिकून तिने मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि थेट डेपोच्या साहेबांपुढे धरलं.

साहेब ऑफिसात इंग्रजीच बोलायचे. "इंटरेस्टिंग! वुई विल सी," ते हसून म्हणाले.

आम्ही बघू. एवढं इंग्रजी तिला येत होतं. ती तरंगतच घरी आली.

पुढे दोन नवे ड्रायव्हर लागले, दोघेही पुरुष. ती पुन्हा गेली. "आय विल कीप यू इन माइंड," साहेब म्हणाले. ती पुन्हा खूश.

तिची नणंद एका कंपनीत आलेले फोन घ्यायची. भाजी निवडता निवडता तिने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, वुई विल सी म्हणजे नाही. आणि कीप इन माइंड म्हणजे आता परत येऊ नका. मी दिवसभर लोकांना हेच ऐकवते."

"मग सरळ नाही म्हणायला काय होतं?"

"सरळ नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं ना!"

आपण त्या माणसाला दोनदा थँक्यू म्हणालो, हे आठवून तिचे कान तापले. मग डोकंही तापलं.

दुसऱ्या दिवशी ती ओल्या बुटांनिशी साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "साहेब, बघू म्हणाला होतात. कधी बघायचं?"

"वेल, यू आर ऑलवेज वेलकम टू ट्राय."

यामागचा अर्थ तिला आता बरोबर कळला. पण तिने तो कानाआड केला. "थँक्यू. मग आत्ताच करते ट्राय. किल्ली द्या."

साहेब गडबडले आणि चक्क मराठीत आले. "अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं?" आवाज नेहमीचाच, त्यामुळे दारात चार ड्रायव्हर जमले.

"बाईच्या हातात मी बस देणार नाही! झालं समाधान?"

"झालं. एवढंच तुमच्या तोंडून हवं होतं."

गोड बोलण्याविरुद्ध तक्रार कुठे करणार? या वाक्याविरुद्ध मात्र करता आली. ती मुख्य ऑफिसात गेली. चारपैकी दोन ड्रायव्हरांनी ऐनवेळी पाय मागे घेतला, दोघांनी साक्ष दिली. चाचणी घ्या, असा वरून हुकूम आला. साहेबांच्या डोळ्यांदेखत तिने बस चाचणीसाठी मांडलेल्या पिंपांच्या मधून मागे घेतली. एकाही पिंपाला धक्का लागला नाही.

तिला दवाखान्याकडे जाणारी गाडी मिळाली. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ चढले, स्टिअरिंगवर बाई बघून लगेच उतरले. "मागची गाडी तासाभराने आहे," तिने सांगितलं आणि गिअर टाकला. गृहस्थ बसमागे पळत सुटले. तिने गाडी थांबवून दार उघडलं.

"या. पुढेच बसा," ती म्हणाली, "म्हणजे नीट दिसेल."