काढून ठेवलेलं रीळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उभी हयात अमरावतीच्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये गेली. लोकांना घाबरवणारं मशीन मीच चालवायचो, मला कोण घाबरवणार?

पण मागे या ग्रुपवर कुणीतरी सत्तरच्या दशकातल्या एका रहस्यपटाबद्दल लिहिलं – इतका चांगला सिनेमा, पडला कसा? निदान आमच्या गावात तो कसा पडला, ते मला माहीत आहे. मात्र त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

साठच्या दशकात गुलाब आमच्याकडे डोअरकीपर होता. भातकुलीकडचा, बोलघेवडा. एका संध्याकाळी मला सणकून ताप भरला. लायसन असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही असा नियम, पण गुलाबला मी गुपचूप शिकवलं होतं. तो म्हणाला, "तुमी पडा भाऊ, मी पाह्यतो." सगळा खेळ त्यानं चालवला. मी कोपऱ्यात पडून होतो.

त्याच वेळी टॉकीजमागे एका पानवाल्याचा खून झाला. गुलाबचं त्याच्याशी आदल्याच दिवशी भांडण झालेलं. पोलिसांना तो खरं तेच सांगत होता – "मी वर केबिनमध्ये होतो." त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, केबिनमध्ये मी एकटाच होतो. लायसन गेलं असतं... घरात दोन लहान पोरी होत्या. कोर्टातही मी तेच सांगितलं; तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. पुढे अकोल्याच्या तुरुंगात काविळीनं गेला.

मालकानं त्याच्या आईला टॉकीज झाडायचं काम दिलं. आम्ही सगळे तिला माय म्हणायचो. गुलाबबद्दल ती मला कधी काही बोलली नाही.

तर तो सिनेमा. अचलपूरची शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून लांबलचक सिनेमातलं एखादं रीळ आम्ही काढून ठेवायचो, बहुतेक गाण्याचं. यात गाणंच नव्हतं. मालक म्हणाले, "ते कोर्टाचं काढा. नुसती बडबड आहे." त्याच रिळात सुटाबुटातला एक डॉक्टर उभा राहतो आणि सांगतो – आरोपी त्या रात्री माझ्याजवळ होता. ते काढलं की हिरो आधी कोठडीत, मग एकदम रस्त्यावर. मी मालकांना बोललो नाही. रीळ डब्यात घातलं आणि डबा कपाटात बंद केला.

दुसऱ्या दिवशी खेळ सुटल्यावर मी खाली आलो. माय खुर्च्यांमधून झाडत होती.

"चांगला होता सिनेमा, भाऊ. तो माणूस उभा राह्यला ना कोर्टात."

"कोणता माणूस, माय?"

"खाकी शर्टवाला. आंगठा जळेल होता त्याचा. म्हणे, सायेब, हा माह्यापाशीच होता, मले ताप होता. तो बोलत असतानीच वरचा पंखा बंद पडला पाहा."

खाकी शर्ट माझा, मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांनी जळलेला अंगठाही माझाच. मला वाटलं, टोमणा मारतेय. गुलाबनं तिला सगळं सांगितलंच असणार. पण तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता हो... समाधान होतं. आणि तो बंद पडणारा पंखा? तो खरोखर त्या रिळात होता. प्रिंट आली तेव्हा बंद हॉलमध्ये मी एकट्यानं ते बघितलं होतं. माय त्या दिवशी भातकुलीला गेलेली.

मी दारावरच्या नव्या माणसाला विचारलं, कोर्टाचा सीन कसा वाटला?

"कायचं कोर्ट? हा सुटला कसा म्हणून लोक मले शिव्या देऊन राहिले."

वर जाऊन कपाट उघडलं. डब्यावरची माझी चिकटपट्टी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मालकांना न विचारता मी ते रीळ लावलं. केबिनच्या झरोक्यातून खाली बघत होतो. माय मागच्या भिंतीला टेकून उभी होती, हातात झाडू. खेळ संपल्यावर धावत खाली गेलो.

"आज तो नाई आला, भाऊ," ती म्हणाली. "दुसराच कोणी होता. सुटातला."

"माय..." मी म्हणालो. तिनं मान वर केली, वाट पाहिली. मग ती परत झाडायला लागली.

आठवड्यात सिनेमा उतरला. माय जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. तिनं काय पाहिलं, कुठून पाहिलं, मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा.

पण त्या संध्याकाळी मशीन गुलाब चालवत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला ताप होता, तो माझ्यापाशीच होता.