देवापाशी ठेवलेला ब्रश

काल गावी, विंझरला, शेजारणीनं तव्यावर तंबाखू भाजायला घेतली आणि त्या जळकट, घशात खवखवणाऱ्या वासानं मला थेट आईसमोर नेऊन बसवलं.

आई रोज सकाळी अंगणाच्या कडेला मशेरी लावत बसायची. डाव्या तळहातावर काळी पूड घ्यायची आणि उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून सावकाश फिरवत राहायची. एका सकाळी मी तिच्यासाठी नसरापूरहून आणलेला हिरवा ब्रश पुढं केला. ती थुंकली, तेव्हा थुंकीत लाल धागा दिसला. तिनं पायानं त्यावर माती ओढली.

"आई, रगत येतंय."

"येऊ दे. आजून चिमूटभर लावली की हिरड्या बधिर व्हत्यात. बरं वाटतं."

मग तिनं ब्रश उलटासुलटा करून पाहिला. "लई चांगलाय. त्वांडात घालून कशाला नासवायचा?" म्हणत तो देवापाशी ठेवला. आम्ही दोघंही हसलो.

पुढं तिच्या तोंडातली जखम भरलीच नाही. शेवटी पेजही गिळवेना.

ब्रश अजून देव्हाऱ्यात आहे. चिंच लावून पितळेचे देव ती त्यानंच घासायची, आता मी घासतो. त्याचे केस पार झिजलेत. देव मात्र अजून लख्ख आहेत.