समिती येणार म्हणून आमच्या नळाला पाणी आलं

गेल्या मंगळवारी आमच्या वाडीत विधिमंडळाची समिती येऊन गेली. वेगवेगळ्या पक्षांचे आमदार एकत्र फिरतात आणि सरकारने कागदावर केलेली कामं जागेवर खरंच झालीत का, ते बघतात. असं काही असतं हे मलाही त्या आठवड्यातच कळलं...

आमची बौद्धवाडी हातखंब्यापासून आत, गावाच्या अगदी वरच्या टोकाला. घरोघरी नळ बसून दोन पावसाळे झाले, पण पाणी काही आलं नाही. शिमगा झाला की खाली व्हाळाजवळच्या, म्हणजे ओढ्याजवळच्या विहिरीवर जायचं आणि हंडे घेऊन जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी चढायची.

गेल्या वर्षी त्याच पायऱ्यांवर माझ्या सासूबाई हंड्यासकट पडल्या. तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि नळाचा विषय निघाला की माझं डोकं ताळ्यावर राहत नाही.

समितीने 'काम पूर्ण' असा शेरा दिला की नळयोजनेची फाईल बंद होणार होती. मग आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. सरपंच भाऊ समजुतीने सांगून गेले की पाहुण्यांसमोर गावाची शोभा नको, ते गेले की तुमचं बघू. भाऊ, हे 'बघू' मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय...

हातखंबा तिठ्यावर माझं शिलाईचं दुकान आहे, ते मंगळवारी बंद ठेवलं. आदल्या दिवशी घरोघर फिरून सगळ्या बायकांना तयार केलं. बुद्धविहारासमोर रिकामे हंडे घेऊन रांगेत उभं राहायचं. कुणी काही बोलायचं नाही, आमदारांना रिकामे हंडेच दिसू देत.

सकाळी सगळ्या वेळेवर जमल्या, अगदी बाळंतीणसुद्धा. रांग लागली... आणि तेवढ्यात नळ खोकले. आधी वारा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी.

पहाटे वर कातळावर टँकर चढल्याचा आवाज आला होता, त्याचा अर्थ आत्ता लागला. समितीसाठी योजनेची तिथली टाकी भरून ठेवली होती.

आमचं आंदोलन तिथेच संपलं. रांग मोडून सगळ्या आपापल्या नळाकडे पळाल्या. हंडे भरले, कळश्या भरल्या, टोप भरले, जयंतीच्या जेवणाचं ते भलंमोठं पातेलंही विहारातून बाहेर आलं. मी मागून ओरडतेय, "अगो, हंडे रिकामे ठेवा गो..." पण ऐकतंय कोण.

खरं सांगू? माझाही हंडा भरला होता. पाणी वाहून जाताना बघवेना.

समिती आली. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी स्वतः नळ सोडून दाखवला, धार चांगली लागली होती. आमदारांनी माना डोलावल्या. पुढे गणपतीपुळ्याचं दर्शन आणि जेवण ठरलेलं, त्यामुळे ड्रायव्हर गाड्या वळवायलाही लागले.

भरलेल्या हंड्यांमध्ये उभं राहून पाणी नाही म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? इतका राग आला होता, सगळ्यांचा आणि स्वतःचाही.

त्या आमदारांत एक ताई होत्या, दुष्काळी भागातून निवडून आलेल्या. त्या आमच्या ओट्याशी थांबल्या. ओट्यावर सासूबाईंनी डाव्या हाताने भरभरून तांबे, पेले, वाट्यासुद्धा मांडून ठेवल्या होत्या.

"मावशी, नळ दारात आहे, मग वाट्या कशाला भरल्यात?"

"आज आलंय म्हणून भरलंय बाय. परत कधी येल, कोनाला ठावं."

ताई हसल्या नाहीत. त्यांच्याकडे टँकर आला की त्यांची आई अशीच भरायची, एवढंच म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून विचारलं, "टाकी कुठे आहे?"

चढ आहे, ऊन आहे, दर्शनाला उशीर होईल... साहेबांनी सगळं सांगून पाहिलं. ताई म्हणाल्या, दर्शन संध्याकाळी घेऊ. आणि निघाल्यासुद्धा. वाट दाखवायला मी पुढे झाले, आणि चालता चालता तोंड उघडलं ते टाकीपर्यंत मिटलंच नाही. सासूबाईंचा हातही सांगितला.

टाकीशी टँकरच्या चाकांचे चिखलाचे माग तसेच होते. तिथून ताई थेट खाली विहिरीवर गेल्या. पंप बसवलेला होता, पण त्याला वीजच जोडलेली नव्हती.

विजेशिवाय पाणी वर चढलं कसं, असं त्यांनी विचारलं. साहेब पाइपाची माहिती द्यायला लागले. ताईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग पुन्हा तोच. आवाज जरासुद्धा न चढवता... शेवटी साहेबांनी टँकर कबूल केला.

काम अपूर्ण, असा शेरा त्यांनी सगळ्यांसमोर लिहून घ्यायला लावला. दुसऱ्या पक्षाच्या आमदारांनीही मान्य केलं. विभागाच्या सचिवांना आता मुंबईत समितीपुढे साक्षीला यावं लागणार आहे. 'अपूर्ण' हा शब्द ऐकून मला रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

पाणी अजून आलेलं नाही. आज सकाळीही मी घाटी चढले. पण आता कुणाला काय विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत कसं विचारत राहायचं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या आमदारांनाही दर अधिवेशनाच्या आधी विचारणार आहे. ताई, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण मनापासून आभार.

आणि वाडीतल्या आम्ही बायकांनी एक ठरवून टाकलंय. ज्या दिवशी नळाला पाणी आलेलं दिसूनही एकही बाई भांडं घेऊन पळणार नाही, त्या दिवशी योजना पूर्ण झाली म्हणायची.