बांधावरचा दुसरा होकार

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये मला कुणी शहाणपण शिकवायला नको — मी फिजिओथेरपिस्ट आहे. पनवेलला माझी प्रॅक्टिस आहे. पेशंटच्या नातेवाइकांनी करणी, बाहेरची बाधा असलं काही काढलं की मी सरळ विषय बदलते. आजही बदलते. पण हे माझ्याच घरी, भर दुपारी, माझ्या पाठीशी हातभर अंतरावर झालंय... म्हणून लिहितेय.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठी. मागच्या दारातून उतरलं की मिठागर. ते आता बंद पडलंय, पण बांध अजून शाबूत आहेत — एकामागोमाग एक चालता येईल एवढेच रुंद, दोन्हीकडे पाणी आणि चिखल. आई-आबांचं सगळं आयुष्य त्या बांधांवर मीठ वाहण्यात गेलं. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मागच्या वर्षी आबांना स्ट्रोक आला, लहान मेंदूला. यात पायात जोर असतो, पण तोल राहत नाही. आबांना उभं केलं की ते डावीकडे कलायचे. वॉकर धरूनही दोघांना त्यांच्या कमरेला धरावं लागायचं. मी प्रॅक्टिस बंद ठेवून गावी येऊन राहिले. रोज त्यांना सांगायचे, "आबा, मेंदूतला जुना रस्ता बंद झालाय, पण बाजूनं नवा पडतो. रोज त्यावरून जावं लागतं."

"पडूंदे," आबा म्हणायचे. "तवर मी पन पडतो." आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

खरं सांगायचं तर मी मनातून खचले होते. महिने चालले होते आणि आबा जिथल्या तिथे. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, व्हीलचेअर बघायला सुरुवात केली होती. ती एकदा घरात आली असती तर आबा तिच्यातून उठले नसते. हा माणूस मला चांगला माहीत आहे.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर वहिनी पुढच्या खोलीत आडवी झाली, मलाही जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा आबांची खाट रिकामी. वॉकर खाटेला टेकवलेला, मागचं दार उघडं... आणि आबा मिठागरात, मधल्या बांधावर उभे.

कशालाही न धरता!

भरती लागली होती, दोन्ही बाजूंना पाणी चढत होतं. हाक मारावी तर दचकून पडतील. अनवाणीच धावले, बांधावर चढल्यावर वेग कमी केला आणि त्यांच्या मागे जाऊन कमरेजवळ हात धरले — स्पर्श न करता, पेशंट पडला तर झेलता यावा असे. घर पाठीमागे राहिलं होतं. बांध पुढे वळसा घेऊन पुन्हा घराकडेच येतो, पण तेवढं चालायचं कुणी?

आबांनी मागे न बघता विचारलं, "मागं हाय का?"

ही आमच्या मिठागरातली पद्धत. डोक्यावर मिठाची टोपली असली की मान वळवता येत नाही. म्हणून पुढचा विचारतो आणि मागचे ओळीने 'व्हय' म्हणतात. शेवटच्याचा 'व्हय' आला की ओळ हलते. नाही आला तर कुणीतरी चिखलात घसरलंय असं समजून सगळे थांबतात. लहानपणी हे मी शेकडो वेळा ऐकलंय.

मी म्हटलं, "व्हय."

आबा हलले नाहीत.

आणि माझ्या मागून, अगदी जवळून, आवाज आला, "व्हय."

बाईचा आवाज, ओझं घेऊन चालताना लागते तशी धाप लागलेला. मला वाटलं, वहिनी आली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आबांनी पाऊल उचललं. टाचेपुढे चवडा, चवड्यापुढे टाच, सरळ रेषेत... लहान मेंदूच्या पेशंटला आम्ही हीच टेस्ट देतो आणि तो हमखास त्यात पडतो. आबा संपूर्ण वळसा चालून अंगणात आले.

मी वळले. मागे कुणीच नव्हतं.

वहिनी मागच्या दारात केस बांधत उभी होती. "तू माझ्या मागं होतीस ना?" मी विचारलं.

"मी? मी तर आताच उठलेय. तुमी दोघंच येताना दिसलाव." मग तिचं लक्ष आबांच्या पायांकडे गेलं आणि ती मटकन पायरीवर बसली.

बांधाची माती उन्हाने दगड झालेली, पायाचे ठसे बघायचीही सोय नव्हती. मी आबांना विचारलं, "माझ्या मागं कोण होतं?"

"शेवटाला कोन असायचं, तुला म्हायती न्हाय?" असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं.

शेवटाला आई असायची.

आबांच्या चालण्याचं उत्तर माझ्याकडे आहे. जुनी सवय, ओळखीची जागा, बाहेरून मिळालेला इशारा... मेंदू अशा आडवाटेनेही पायांपर्यंत पोचतो. डॉक्टरही तेच म्हणाले. त्या दुसऱ्या 'व्हय'चं काय, हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. झोपेतून उठून धावले होते, भास झाला असेल, असं स्वतःला समजावते. पटत मात्र नाही.

व्हीलचेअर आली नाही. आबा आता रोज अंगणात चालतात, मी मागे. ते विचारतात, मी 'व्हय' म्हणते. त्यानंतर ते जरा थांबतात, मान हलवतात आणि मगच पाऊल टाकतात. एकदा मी घाई करून त्यांना पुढे ढकललं, तर तोल जाऊन पडता पडता वाचले. मला त्या दुपारनंतर एकदाही काही ऐकू आलेलं नाही.

परवा त्यांनी विचारलं, मी 'व्हय' म्हटलं. आबा उभेच.

"काय झालं?"

"थांब जरा. ती मागं ऱ्हायली."

मी, मास्टर्स केलेली फिजिओथेरपिस्ट, भर उन्हात अंगणात थांबले. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. बऱ्याच वेळाने आबांनी मान हलवली आणि पाऊल टाकलं.