सुपरवायझरसाहेबांचं रक्तविज्ञान

अंबडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात कामाला होतो. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. आमचे सुपरवायझर बी.एस्सी. होते आणि हे ते कुणालाही विसरू देत नसत. आम्ही आयटीआयवाले म्हणजे त्यांच्या लेखी जनावरं. चहाच्या सुट्टीतसुद्धा त्यांचा तास चालायचा.

"रक्तात हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि अंगभर पोचवतं. म्हणून रक्त लाल. शिरलं का डोक्यात?"

आम्ही माना डोलवायचो. माणूस मूर्ख होता, पण पगारवाढीचा शेरा त्याच्या हातात होता.

त्या डिसेंबरात थंडीने कहर केला. मापयंत्रांवर धूळ बसते म्हणून साहेबांनी स्टोअरच्या दोन्ही खिडक्या पत्रे ठोकून बंद करवल्या होत्या. आत बसणारे स्टोअरकीपर सटाण्याकडचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. ते गारठून गेले, तर साहेबांनी उदारपणे दगडी कोळशाची शेगडी आत ठेवायला सांगितली. वर दार लावून घ्यायचा हुकूम.

सकाळी दहाच्या सुमारास मी गेज आणायला गेलो तेव्हा स्टोअरकीपर कपाळ दाबून बसले होते. "डोकं दुखी ऱ्हायनं, भाऊ," एवढंच म्हणाले. मी गेज घेतलं आणि निघून आलो. तासाभराने परत गेलो तर ते टेबलाखाली पडलेले. हाक मारली तर नुसते कण्हले. चेहरा लालबुंद.

साहेब आले. वाकूनसुद्धा न बघता म्हणाले, "टाकून आलाय हा. चेहरा बघ किती लाल आहे! रक्तात भरपूर ऑक्सिजन आहे. झोपू दे."

मी साहेबांना बाजूला ढकललं नाही. वेल्डर आला, त्याने ढकललं. आम्ही दोघांनी स्टोअरकीपरना उचलून आवारात आणलं आणि टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शेगडीचं ऐकताच ऑक्सिजनची नळी लावली.

"कोळशाचा विषारी वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो," त्या म्हणाल्या. "मग ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. रक्त लालच दिसतं, आणि माणूस आतल्या आत गुदमरतो. आता शुद्ध ऑक्सिजन देऊन तो वायू हळूहळू हुसकायचा."

संध्याकाळपर्यंत स्टोअरकीपर शुद्धीवर आले. वाचले.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं. ते हसले. "मला माहीत नाही होय? सिलॅबसमध्ये होतं आमच्या." मग त्याच तोंडाने त्यांनी स्टोअरकीपरांच्या नावे मेमो टाइप करवला: कामाच्या वेळी झोपणे. शेगडीचा उल्लेख नाही, पत्र्यांचा नाही. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव.

वेल्डरने सही करायला नकार दिला होता. मी केली. पेनही साहेबांचंच होतं, आणि मी ते टोपण लावून अदबीने परत दिलं.

पंधरा दिवसांनी स्टोअरकीपर कामावर आले. जेवणाच्या सुट्टीत मेमो हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"सही तुझीच ना?"

"हो, काका."

त्यांनी कागदाची घडी केली, रोजच्यासारखा माझ्या शेजारी ठेवलेला आपला डबा उचलला आणि वेल्डरच्या बाकावर जाऊन बसले.